चाचणीत स्मरणशक्ती ‘सरासरी’, रोजच्या कामात मात्र विसर : प्रौढांतील एडीएचडी, स्वमग्नता आणि तपासणीची भाषा

मलप्रभा (धागाकर्ती)

नमस्कार. मी बेळगावात शहापूर भागात राहते. माहेर खानापूर तालुक्यातले. एका सौहार्द सहकारी संस्थेत हिशेबाचे काम करते. चाळिशी ओलांडल्यावर मला एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता यांची जन्मजात अडचण) असल्याचे निदान झाले. स्वमग्नतेचीही (ऑटिझमचीही) काही लक्षणे दिसतात, तेव्हा सविस्तर चाचण्या करून घ्याव्यात, असे मानसोपचारतज्ज्ञांनी सुचविले. त्याप्रमाणे एका मोठ्या शहरातील केंद्रात बुद्धिमापनाच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या. अहवालात ‘स्मरणशक्ती सरासरीच्या मर्यादेत’ असे एक वाक्य आहे, ‘वर्किंग मेमरी सरासरीपेक्षा किंचित कमी’ असे दुसरे आहे आणि शेवटी ताण कमी करण्याचा सल्ला आहे. तो वाचून घरच्यांनी विचारले की स्मरणशक्ती ठीक आहे, तर रोज जे चालते त्याला काय म्हणायचे? मलाही तोच प्रश्न पडला आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

रोज काय चालते त्याचे एक उदाहरण देते. व्यवस्थापक सांगतात की या व्हाउचरवर तारीख घाला, अध्यक्षांची सही घ्या आणि येताना ठेवीच्या पावतीची झेरॉक्स काढून आणा. तारीख घातली जाते, सही होते, आणि झेरॉक्सही सांगितली होती हे मला परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून कळते. त्यांनी पुन्हा सांगितले तरी ‘हो, मघाशी म्हणाला होतात’ असे मला आठवत नाही. ते शब्द माझ्या कानावर पडलेच नव्हते असे वाटते. हीच सूचना कानडीतून आली तर तिच्यातला जेमतेम पहिला भाग हाती लागतो. भिशीचा हप्ता, गॅसची नोंदणी, मुलाच्या शाळेतील पालकसभा या गोष्टी त्या त्या वेळी आठवत नाहीत आणि वेळ टळून गेल्यावर, बहुधा रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, एकदम आठवतात. उलट फार जुन्या खातेदारांचे खाते क्रमांक मला आजही तोंडपाठ आहेत आणि तिसापर्यंतचे पाढे मी कुठूनही म्हणू शकते. एवढे पाठ असणारी बाई झेरॉक्स कशी विसरते, हे कोणालाच पटत नाही. घरचे मला खोटे म्हणत नाहीत, पण त्यांना ही बेपर्वाई वाटते आणि ते मनाला फार लागते.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. शांत खोलीत एका माणसासमोर बसून दिलेल्या चाचणीतून अशा विसराळूपणाचा ठाव लागतो का? दुसरे असे की माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले, कार्यालयाचा व्यवहार कानडीत चालतो आणि चाचणी संपूर्ण इंग्रजीतून घेतली गेली. याचा गुणांवर कितपत परिणाम होतो? जाणकारांनी आणि या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मार्कंडेय

मलप्रभाताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि सीमाभागातील मराठी व कानडी या दोन्ही भाषांच्या लोकांच्या चाचण्या घेतो. तुमचा अहवाल न पाहता त्यावर मत देणे बरोबर नाही, परंतु तुमचे दोन्ही प्रश्न मूलभूत आहेत आणि त्यांची उत्तरे अहवालांतून क्वचितच मिळतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्मृती ही एकच एक क्षमता नाही. एन्डेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगांची स्मृती आणि जगाविषयीच्या ज्ञानाची स्मृती असा भेद मांडला. १९७४ मध्ये अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी वर्किंग मेमरीची कल्पना मांडली. हातातले काम चालू असेपर्यंत माहिती धरून ठेवून तिच्यावर प्रक्रिया करणारी ही स्मृती आहे. या सर्वांहून निराळी आणखी एक स्मृती असते, ती म्हणजे पुढे करावयाचे काम योग्य वेळी आठवणे. तुमचे पाढे आणि खाते क्रमांक ज्ञानाच्या स्मृतीत पक्के बसलेले आहेत, व्यवस्थापकांची तीन भागांची सूचना वर्किंग मेमरीवर अवलंबून आहे आणि भिशीचा हप्ता या शेवटच्या प्रकारात मोडतो. त्यामुळे एकाच व्यक्तीत पाठांतर उत्तम असणे आणि झेरॉक्स विसरणे यांत काहीही विसंगत नाही. हे घरच्यांना जरूर दाखवा.

एडीएचडीमध्ये साठवलेली माहिती पुसली जाते असे सहसा घडत नाही. लक्ष ज्या क्षणी दुसरीकडे वळते त्या क्षणी आलेली माहिती मुळात नोंदलीच जात नाही, आणि वहीत जे उतरवलेच नाही ते पाने उलटून सापडत नाही. ‘ते शब्द माझ्या कानावर पडलेच नव्हते’ असे तुम्ही लिहिले आहे, ते वर्णन म्हणूनच मला फार अचूक वाटते. ही गोष्ट चाचणीतही दिसू शकते, फक्त ती पाहणाऱ्याला पाहता आली पाहिजे. आंद्रे रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शब्दस्मरणाच्या चाचणीत १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि प्रत्येक वेळी आठवतील तेवढे शब्द म्हणायला सांगतात. मध्येच दुसरी एक यादी देतात, मग पहिली पुन्हा विचारतात, सुमारे २० ते ३० मिनिटांनी परत एकदा विचारतात आणि शेवटी शब्द ओळखायला लावतात. पहिल्या फेरीत कमी शब्द, पुढे संथ वाढ, पण एकदा शिकलेले शब्द अर्ध्या तासानंतरही शाबूत, असा आलेख असेल तर अडचण नोंदणीत आहे. शब्द शिकले गेले, पण नंतर आठवले नाहीत आणि समोर ठेवल्यावरही ओळखू आले नाहीत, तर चित्र वेगळे असते. केवळ एकूण गुण काढून ‘सरासरी’ असा शेरा मारला की हा सगळा तपशील हरवतो.

स्वमग्नतेच्या बाबतीत डर्मॉट बोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणताही आधार न देता ‘आठवेल ते सांगा’ म्हटले की स्वमग्न प्रौढांना ते जड जाते. तीच माहिती ओळखायची असेल किंवा सूचक शब्द दिला असेल तर त्यांची कामगिरी पुष्कळ सुधारते. स्वतःच्या आयुष्यातील एखादा विशिष्ट प्रसंग सांगायला त्यांना वेळ लागतो आणि तपशील अनेकदा कमी येतात. ठरलेल्या वेळी एखादे काम आठवण्याची अडचण एडीएचडी आणि स्वमग्नता या दोहोंत वारंवार आढळली आहे. एखादी ठळक खूण समोर आल्यावर करावयाचे काम त्या मानाने सोपे जाते.

आता शांत खोलीचा प्रश्न. चाचणीच्या खोलीत एकच माणूस समोर असतो, एका वेळी एकच काम दिले जाते, काम केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबवायचे हे तो माणूसच सांगतो, आणि नवेपणामुळे लक्षही टिकते. म्हणजे रोजच्या जीवनात ज्या गोष्टींचा भार तुमच्या मेंदूवर पडतो, त्या गोष्टी तेथे परीक्षक सांभाळतो. मॅगी टोप्लाक, रिचर्ड वेस्ट आणि कीथ स्टॅनोविच यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून असे दाखविले की कार्यकारी क्षमतांच्या (काम आखणे, सुरू करणे, लक्ष आवरणे यांच्या) खोलीतील चाचण्या आणि त्याच क्षमतांविषयी दैनंदिन वर्तनावर आधारलेल्या प्रश्नावल्या यांचा परस्परसंबंध फारच क्षीण असतो. दोन्ही साधने वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. म्हणून चाचणीत गुण चांगले आले तरी एडीएचडीचे निदान रद्द होत नाही, आणि गुण कमी आले एवढ्यावरून ते सिद्धही होत नाही. निदान मुलाखत, बालपणापासूनचा इतिहास आणि जवळच्या माणसांची माहिती यांवर उभे राहते. चाचणीने बलस्थाने आणि अडचणी कोठे आहेत ते कळते.

भाषेविषयी स्वतंत्र प्रतिसाद लिहितो, कारण तो विषय आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याची सर्वांत जास्त उपेक्षा होते.

मार्कंडेय

वर्किंग मेमरी मोजण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे आकडे ऐकून त्याच क्रमाने, मग उलट क्रमाने, मग चढत्या क्रमाने म्हणणे. प्रौढांसाठीच्या वेक्सलर बुद्धिमापन चाचणीच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत वर्किंग मेमरीचा निर्देशांक या आकड्यांवर आणि तोंडी ऐकून सोडवायच्या गणितांवर काढला जातो. येथे भाषा थेट आड येते. बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले की माणसाला साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द उच्चारता येतात तेवढेच तो लगेच क्रमाने म्हणून दाखवू शकतो. शब्द लांब झाले की संख्या घटते. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्यांना आकडे म्हणायला लावले, तेव्हा वेल्श आकडे उच्चारायला अधिक वेळ लागत असल्यामुळे त्या भाषेत कमी आकडे लक्षात राहिले. माणसे तीच होती, स्मृतीही तीच होती.

आता आपले आकडे पाहा. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हे उच्चारात एकेका अवयवाचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारायच्या एकाच तुकड्याचे आहेत. सहा आणि नऊ तेवढे दोन अवयवांचे. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु असे सगळेच दोन किंवा तीन अवयवांचे आहेत. इंग्रजी आकडे आखूड आहेत खरे, परंतु ज्याचे पाढे आणि हिशेब मराठीत पक्के झाले तो माणूस उलट क्रम लावताना मनात मराठीकडे वळतो आणि उत्तर देताना पुन्हा इंग्रजीकडे येतो. त्या येरझारीत वर्किंग मेमरीचा काही भाग खर्च होतो. तोंडी गणितात तर वाक्याचा अर्थ लावण्यापासूनच ओझे सुरू होते. त्यामुळे तुमच्या बाबतीत ‘किंचित कमी’ मधला किती भाग एडीएचडीचा आणि किती इंग्रजीचा, हे त्या अहवालावरून वेगळे काढता येणार नाही.

ज्या भाषेत माणूस मनातल्या मनात मोजतो ती भाषा चाचणीपूर्वी विचारली पाहिजे आणि कोणत्या भाषेत चाचणी घेतली हे अहवालात लिहिले पाहिजे. त्याचबरोबर गुणांची तुलना कोणाशी केली हेही पाहावे लागते. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूरोसायकॉलॉजी चाचणीसंचाची प्रमाणके (तुलनेसाठीचे सर्वसाधारण गुण) वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार भारतीय लोकांवरून तयार केलेली आहेत. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेची स्मृतिचाचणीही १९७० च्या दशकापासून आपल्याकडे वापरात आहे. परदेशी प्रमाणके जशीच्या तशी लावली असतील, तर तो उल्लेख अहवालात असायला हवा.

उद्यमबाग

मी उद्यमबागेतील एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. मला स्वमग्नतेचे निदान प्रौढ वयात झाले. वरचे दोन्ही प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचले आणि आधार देऊन आठवायला लावण्याविषयी जे लिहिले आहे ते माझ्या बाबतीत तंतोतंत खरे आहे.

माझ्या मुलाखतीत मला ‘गेल्या महिन्यात तुम्हाला आनंद झाला असा एखादा प्रसंग सांगा’ असे विचारण्यात आले. मी बराच वेळ गप्प बसलो. प्रसंग नव्हते असे नाही. परंतु ‘एखादा’ म्हटल्यावर कोठून सुरुवात करायची तेच मला उमगेना. परीक्षकांनी माझे मौन भावनिक अलिप्तता म्हणून नोंदविले असावे, कारण अहवालात तसे आले आहे. त्यांनी ‘गणपतीत घरी कोण आले होते’ असे विचारले असते, तर कोणत्या दिवशी कोण आले, कोणत्या गाडीने आले आणि कोणत्या पाटावर बसले, हे मी सांगितले असते.

कामावरही हेच घडते. सुपरवायझर चालू यंत्राच्या आवाजात जे तोंडी सांगतात ते माझ्याजवळ राहत नाही. तेच ड्रॉइंगवर लिहिलेले असेल तर मला ते वर्षानुवर्षे विसरता येत नाही. एखाद्या जुन्या जॉबचे माप आणि त्याच्या मापात किती फरक चालेल अशी सूट दिली होती हे मला कागद न पाहता सांगता येते. मी सुपरवायझरांना विनंती केली की तोंडी सूचना जॉबकार्डावर पेन्सिलीने लिहून द्याव्यात. त्यांनी ती मान्य केली आणि माझ्या कामातील चुका स्पष्टपणे कमी झाल्या. ही विनंती करण्यासाठी मला निदानाचा कागद दाखवावा लागला नाही, हेही येथे नोंदवतो.

चाचणीच्या खोलीविषयी एक गोष्ट सांगायची आहे. खोलीत ट्यूबलाइटचा बारीक आवाज येत होता आणि बाहेर रांगेतील लोकांची नावे पुकारली जात होती. वेळ लावून घेतल्या जाणाऱ्या भागात माझे अर्धे लक्ष तिकडे होते. ज्यांना आवाजाचा किंवा प्रकाशाचा त्रास होतो त्यांनी हे सुरुवातीलाच सांगावे. चांगले परीक्षक खोली बदलून देतात किंवा मधे विश्रांती देतात.

ताम्रपर्णी

मी चंदगडकडचा, शिनोळीला नोकरीस आहे. सर्वांचा अनुभव आदराने वाचला. तरीही मनापासून एक शंका विचारतो. पूर्वीही विसराळू माणसे होतीच आणि त्यांचे संसार झाले. अहवालात स्मरणशक्ती ठीक आहे असे आले असेल, तर ताईंनी ते चांगले मानून प्राणायाम, वेळेवर झोप आणि मोबाइलवर मिळणारे स्मृतीचे खेळ यांवर भर द्यावा, असे मला वाटते. पुन्हा पुन्हा चाचण्या करून मनाला घोर लावून घेण्यात काय मिळणार आहे?

गुरुजी_निवृत्त

ताम्रपर्णीराव, आपली शंका प्रामाणिक आहे, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे उत्तर देतो. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील मराठी शाळांत मी आयुष्य घालविले. ज्या मुलांचे संसार झाले ती आपल्याला दिसतात. जी मुले सातवी-आठवीत शाळा सोडून गेली, ज्यांना रोज दप्तर, पट्टी, कंपासपेटी विसरल्याबद्दल उभे राहावे लागे, ती आपल्या हिशेबात येत नाहीत. माझ्या वर्गात एक मुलगा होता. पावकी, निमकी आणि पाऊणकी वडिलांकडून शिकलेला, तोंडी हिशेबात वर्गात पहिला. मात्र फळ्यावर लिहिलेला गृहपाठ त्याने वहीत कधी पूर्ण उतरविला नाही. पहिली ओळ लिहून तो खिडकीबाहेर पाहत असे. त्याच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षे ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असाच शेरा गेला. असा शेरा त्या काळी प्रत्येक शाळेत लिहिला जाई आणि त्यापुढे काय करायचे याचे शिक्षण आम्हा शिक्षकांना कोणी दिलेले नव्हते.

मला सांगायचे आहे ते हे की ती प्रगतिपुस्तके आज पुरावा म्हणून उपयोगी आहेत. माझ्या माहितीप्रमाणे प्रौढांचे निदान करताना लहानपणी लक्षणे होती का, हे पाहिले जाते. सीमाभागातील अनेक घरांत जुनी कागदपत्रे जपून ठेवण्याची सवय आहे. भाषेचा प्रश्न असल्यामुळे शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तके पत्र्याच्या पेटीत सुरक्षित असतात. ती शोधून काढावीत, आणि आई, मावशी, थोरला भाऊ असे ज्यांनी लहानपण पाहिले आहे त्यांच्याशी बोलून त्या गोष्टी लिहून घ्याव्यात. आई आता कानडी मुलखात लेकीकडे राहत असेल किंवा तिला इंग्रजी येत नसेल, म्हणून तिची साक्ष घ्यायचे राहून जाते, असे होऊ नये.

मार्कंडेय

गुरुजींनी सांगितलेले अगदी बरोबर आहे. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेनुसार एडीएचडीची काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असणे आवश्यक आहे आणि १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता-उतावीळपणा या दोन गटांपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे पुरेशी धरली जातात. त्याच आवृत्तीने एडीएचडी आणि स्वमग्नता ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्याची प्रथमच मुभा दिली. त्यापूर्वी स्वमग्नतेचे निदान झाले की एडीएचडीचे देता येत नसे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या किती तरी जणांच्या नोंदींत यामुळे अर्धेच चित्र आले आहे.

ताम्रपर्णीराव, झोपेविषयी तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. झोप बिघडली की कोणाचेही लक्ष आणि स्मरण ढासळते. स्मृतीच्या खेळांबद्दल मात्र सांगणे माझे कर्तव्य आहे. मोनिका मेल्बी-लेरव्हॉग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये वर्किंग मेमरीच्या प्रशिक्षणावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या खेळाचा सराव केला त्यात आणि त्याच्यासारख्या कामात काही काळ सुधारणा दिसली, परंतु वाचन, गणित किंवा इतर क्षमतांपर्यंत ती पोहोचल्याचे आढळले नाही. त्यामुळे वर्गणी भरून असे खेळ विकत घेण्यापूर्वी विचार करावा. उद्यमबाग यांना पेन्सिलीच्या दोन ओळींनी जो लाभ झाला तो अशा खेळांतून होईल असे मी कोणाला सांगणार नाही.

आणखी एक विनंती सर्वांना आहे. चाचणीतील नेमके शब्द, आकृत्या किंवा प्रश्न येथे लिहू नयेत. ते आधी वाचून कोणी चाचणीला गेले तर त्याचे गुण निरर्थक ठरतात आणि नुकसान त्याचेच होते.

वेदगंगा

मी निपाणीची आहे. वय ५१. मलप्रभाताई, तुमचे वर्णन वाचताना मला माझेच घर दिसले. माझा प्रश्न थोडा पुढचा आहे. मला एडीएचडी असल्याचे निदान काही वर्षांपूर्वीच झाले; औषधाने लक्ष टिकण्यात फरक पडला होता. गेल्या दोन-एक वर्षांपासून, पाळी अनियमित झाल्यापासून, विसर फार वाढला आहे. ओळखीच्या बायकांची नावे ओठांवर येऊन अडतात, बोलताना साधा शब्द सापडत नाही. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया होता आणि त्यांची सेवा मी केली आहे. त्यामुळे रात्री हाच विचार मनात येतो. एका दवाखान्यात माझी ३० गुणांची छोटी चाचणी घेतली, गुण २५ आले आणि ‘सौम्य दोष’ असे लिहून दिले. एवढ्यावरून डिमेन्शियाची सुरुवात समजायची का?

मार्कंडेय

वेदगंगाताई, फक्त त्या गुणांवरून तसे समजू नका. आपण म्हणता ती बहुधा २००५ मध्ये आलेली मोका ही चाचणी असावी. ती संशय घेण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. तिच्यात प्रचलित मर्यादा २६ आहे आणि ज्यांचे शिक्षण १२ वर्षे किंवा त्याहून कमी झाले आहे त्यांना एक गुण वाढवून दिला जातो. तो दिला होता का आणि चाचणी मराठीतून झाली का, हे विचारून घ्या. तिच्यातील काही गुण थेट लक्षावर अवलंबून असतात, त्यामुळे एडीएचडी असलेल्या माणसाचे एक-दोन गुण लक्षामुळेच जाऊ शकतात.

फरक ओळखण्यासाठी मी तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे ही अडचण लहानपणापासूनची आहे की पूर्वी नव्हती आणि आता सुरू झाली आहे. दुसरी म्हणजे सूचक शब्द दिल्यावर आठवण परत येते का. नाव ओठांवर अडते आणि पहिले अक्षर सांगितल्यावर येते, यात घाबरण्यासारखे सहसा नसते. कालच घडलेला ठळक प्रसंग आठवण करून देऊनही मुळीच आठवत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, रोजच्या रस्त्यावर वाट चुकते, पैशांचे नेहमीचे व्यवहार जमेनासे होतात, या गोष्टी दिसल्या तर न्यूरॉलॉजिस्टांना लवकर दाखवावे. तिसरी गोष्ट, विसर कोणाच्या अधिक लक्षात येतो. आपल्या विसराची काळजी स्वतःलाच अधिक वाटते आहे की घरच्यांना ती दिसते आहे आणि स्वतःला तिची जाणीवच नाही.

पाळी जाण्याच्या काळात शब्द न सापडणे, लक्ष न टिकणे अशा तक्रारी पुष्कळ स्त्रियांना येतात आणि एडीएचडी असलेल्या स्त्रियांना त्या अधिक जाणवू शकतात. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनाही भेटा. त्याआधी थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते आणि ती भरून काढता येते. झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे होत असेल तर तेही सांगा. नैराश्य आणि सततची चिंता यांनीही स्मरण मंदावते. घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण अमिट्रिप्टिलीन, ट्रायहेक्सिफेनिडिल आणि सर्दीवरील काही जुनी, झोप आणणारी औषधे स्मरणावर परिणाम करतात. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

वेदगंगा

मनापासून आभार, सर. पहिले अक्षर सांगितले की नाव येते, एवढे वाचूनच जीव भांड्यात पडला. रक्ताच्या तपासण्या याच आठवड्यात करून घेते. औषधांच्या यादीत आपण लिहिलेल्यांपैकी एक गोळी आहे. ती पाठदुखीसाठी दिली होती. डॉक्टरांना विचारते.

मलप्रभा (धागाकर्ती)

सर्वांनी एवढ्या आत्मीयतेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. मार्कंडेय सरांचा पहिला प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखविला. यजमानांनी त्या संध्याकाळपासून मला एका वेळी एकच काम सांगायला सुरुवात केली आहे आणि बाकीचे ते फ्रिजवरच्या पाटीवर लिहितात. सासूबाईंनी विचारले की मग हप्त्याचे काय करायचे; आता पाच तारखेऐवजी पगाराचा निरोप मोबाइलवर आला की लगेच हप्ता द्यायचा असे ठरविले आहे. वेळ आठवण्यापेक्षा खूण दिसल्यावर आठवणे सोपे जाते, हे येथेच कळले. कार्यालयात कानडी परिपत्रके मी आता ऐकून घेत नाही. प्रत मागून घेते आणि बाजूला मराठीत टिपून ठेवते.

आता पुढचे विचारते. मला मराठीतून पुन्हा तपासणी करून घ्यायची आहे. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आमच्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे, बेळगावातही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. जाण्यापूर्वी काय विचारावे, बरोबर काय न्यावे, आणि इतक्या लवकर पुन्हा चाचणी दिलेली चालते का? अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा यात काही संबंध येतो का, हेही एका सहकाऱ्यांनी विचारले आहे.

मार्कंडेय

ताई, दूरध्वनीवर आधी एवढेच विचारा की भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआयकडे) नोंदणी असलेले, मराठी बोलणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या दिवशी असतात आणि प्रौढांच्या एडीएचडी व स्वमग्नतेचे मूल्यमापन तेथे होते का. मराठी बोलणारे नसतील तर घरातील माणसाला दुभाष्या म्हणून बसवू नका. प्रेमापोटी ती माणसे उत्तराला मदत करतात. कोठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते; केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

बरोबर जुना अहवाल न्या आणि त्यात फक्त निष्कर्ष असतील तर पहिल्या केंद्राकडे प्रत्येक उपचाचणीचे गुण लेखी मागा. वर्किंग मेमरी व प्रोसेसिंग स्पीड (साधी कामे किती वेगाने होतात ते) आणि बाकीचे निर्देशांक यांत मोठे अंतर असेल, तर एकूण बुद्ध्यांकाचा एकच आकडा दिशाभूल करतो. अशा वेळी ही दोन क्षेत्रे वगळून काढलेला सर्वसाधारण क्षमतेचा निर्देशांकही पाहतात. प्रगतिपुस्तके, चष्मा, चालू औषधांची यादी आणि तुम्ही या धाग्यात लिहिलेले झेरॉक्सचे उदाहरण लिहून न्या. असे ताजे प्रसंग ‘मी विसरते’ या वाक्यापेक्षा परीक्षकाला पुष्कळ अधिक सांगतात. एडीएचडीचे औषध चालू असेल तर चाचणीच्या दिवशी ते घ्यायचे की नाही हे आधी विचारा आणि जे ठरेल ते अहवालात नोंदवून घ्या. सकाळची वेळ मागा, आणि सलग बसवत नसेल तर दोन दिवसांत विभागून घ्या.

प्रमाणपत्राविषयी : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. तेव्हा स्वमग्नतेचे निदान पक्के झाले तरच तो प्रश्न येतो आणि त्याची तपासणी वेगळी असते.

पुन्हा चाचणी देण्याबाबत : तेच शब्द, तेच प्रश्न थोड्या दिवसांत पुन्हा आले तर सरावानेच गुण वाढतात. म्हणून पहिल्या चाचणीची तारीख आणि वापरलेल्या चाचण्यांची नावे परीक्षकांना आधी कळवा. ते काही महिने थांबायला सांगतील, किंवा शब्दस्मरणासाठी दुसरी समांतर यादी वापरतील आणि फक्त आकडे व तोंडी गणिते मराठीतून घेतील. तुमच्या प्रश्नासाठी तेवढा भाग पुरेसा ठरू शकतो.